बाईल ॲसिड: लिव्हर ते आतडं आणि परत लिव्हर, या फेरीबद्दल सविस्तर

कौमुदी:
पित्ताशयातले खडे, ऑपरेशन करावं की नको, यावर इथे भरपूर धागे आहेत. पण त्या पिशवीत जे भरलेलं असतं ते येतं कुठून आणि पुढे जातं कुठे यावर कोणी फारसं बोलत नाही, म्हणून हा वेगळा धागा काढतेय. मी बायोकेमिस्ट्री शिकवते आणि बाबांच्या आजारपणात या विषयाशी फार जवळून गाठ पडली, त्यामुळे लांबण लागणारच, समजून घ्या.

लिव्हर दिवसभर पित्त तयार करत असतं. त्यात पाणी, क्षार, बाईल ॲसिडं, फॉस्फोलिपिड, कोलेस्टेरॉल आणि बिलिरुबिन. हिरवा-पिवळा रंग आहे तो बिलिरुबिनचा, ते जुन्या लाल पेशींच्या हिमोग्लोबिनमधून येतं आणि पचनात त्याचं काम काहीच नाही. काम करतात ती बाईल ॲसिडं, आणि ती बनतात कोलेस्टेरॉलपासून. आपल्या शरीराला कोलेस्टेरॉलचा तो चार रिंगांचा सांगाडा तोडताच येत नाही, तसं एन्झाइमच नाही आपल्याकडे. साखर जाळता येते, फॅट जाळता येतं, कोलेस्टेरॉल नाही. मग ते बाहेर काढायचे मोठे रस्ते दोनच, एक म्हणजे आहे तसंच पित्तातून आतड्यात सोडणं आणि दुसरा म्हणजे त्याचं बाईल ॲसिड करून सोडणं. रोज साधारण अर्धा ग्रॅम कोलेस्टेरॉल या दुसऱ्या रस्त्याने जातं.

हे रूपांतर एका झटक्यात होत नाही, पंधरापेक्षा जास्त एन्झाइम लागतात. मुख्य रस्त्यावरचं पहिलं एन्झाइम सीवायपी७ए१, ते कोलेस्टेरॉलच्या सातव्या कार्बनवर एक हायड्रॉक्सिल गट बसवतं आणि किती माल बनणार हे तिथेच ठरतं. दुसरा एक रस्ता मायटोकॉन्ड्रियात सीवायपी२७ए१ पासून सुरू होतो. शेवटी माणसात दोन मुख्य बाईल ॲसिडं तयार होतात, कोलिक आणि कीनोडीऑक्सिकोलिक. मग त्यांना ग्लायसिन किंवा टॉरिन यातला एक छोटा रेणू जोडला जातो, माणसात ग्लायसिनवाली साधारण तिप्पट. ही जोडणी वरवरची वाटते पण फार महत्त्वाची आहे. त्यामुळे ते रेणू आतड्यातल्या पाण्यात विद्युतभार घेऊनच राहतात, आणि भार असलेला रेणू पेशीच्या चरबीच्या भिंतीतून सहज पार होत नाही. म्हणजे लिव्हरने सोडलेलं बाईल ॲसिड वाटेतच शोषलं जाऊन वाया जात नाही, जिथे फॅट पचायचंय तिथे सगळ्या लांबीभर टिकतं.

पचनात ते काय करतं तर साबण तेलकट भांड्यावर करतो तेच, रेणूची एक बाजू पाण्याला धरते आणि दुसरी चरबीला. फॅटचे मोठे थेंब फुटून बारीक होतात, स्वादुपिंडाचं लायपेज त्यावर काम करतं, आणि सुटलेली फॅटी ॲसिडं, मोनोग्लिसराइडं, अ, ड, इ, के ही व्हिटॅमिनं मिसेल नावाच्या बारक्या पुंजक्यांत बसून आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचतात. पित्तात स्वतःचं पचवणारं एन्झाइम मात्र नसतं हे लक्षात असू द्या.

आता मला ज्यासाठी धागा काढावासा वाटला ती गोष्ट. शरीरात एका वेळी बाईल ॲसिड असतं किती? सगळं मिळून २ ते ४ ग्रॅम, बस. आणि दिवसभरातल्या सगळ्या फॅटच्या पचनासाठी आतड्यात उतरतं १२ ते ३० ग्रॅम. हा हिशोब जमतो कारण तोच साठा दिवसातून ४ ते १२ वेळा फिरतो. लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात, टर्मिनल इलियममध्ये, एएसबीटी नावाचा पंप सोडियमच्या जोरावर बाईल ॲसिडं आत ओढतो, दुसऱ्या बाजूने ती आतड्याकडून लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या पोर्टल व्हेनमध्ये जातात, लिव्हरच्या पेशी एनटीसीपी नावाच्या दाराने ती उचलतात आणि बीसेप नावाचा पंप परत पित्तात ढकलतो. प्रत्येक फेरीत ९५ टक्क्यांच्या आसपास परत येतं. दिवसाला अर्ध्या ग्रॅमच्या आतबाहेर शौचातून जातं, तेवढंच लिव्हर नवीन बनवतं.

बाबांचं इलियम ऑपरेशनमध्ये बरंचसं काढावं लागलं. नंतर महिनोन्महिने जुलाब, आणि आम्ही सगळे आहारात काय चुकतंय तेच शोधत बसलो, कारण आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं की परतीचा रस्ताच कापला गेलाय. म्हणून माझं म्हणणं असं आहे की बाईल ॲसिडशी संबंधित कुठलाही त्रास समजून घ्यायचा असेल तर आधी विचारा की ही फेरी नक्की कुठे तुटलीय, बनण्यात, बाहेर पडण्यात, साठण्यात, की परत येण्यात. खडे, खाज, जुलाब, कोलेस्टेरॉलची औषधं, सगळं त्यातून उलगडतं.

अबोली:
खूप सुंदर लिहिलंयस कौमुदी. माझं पित्ताशय काढून बरीच वर्षं झाली, मग माझ्यात ही फेरी चालू आहे की नाही? आणि साठवायला पिशवीच नाही तर जेवल्यावर पित्त येतं कुठून?

कौमुदी:
अबोली, तुझी फेरी व्यवस्थित चालू आहे. पित्ताशय पित्त बनवत नाही, फक्त साठवतं आणि त्यातलं पाणी शोषून ते ५ ते १० पट घट्ट करतं. उपाशी असताना पित्तनलिकेच्या तोंडाचा स्नायू आवळलेला असतो म्हणून पित्त मागे पिशवीत जातं. जेवणातलं फॅट आणि प्रोटीन लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात पोचलं की तिथल्या पेशी कोलेसिस्टोकायनिन नावाचं हार्मोन सोडतात, पिशवी आकुंचन पावते, तोंडाचा स्नायू सैल होतो आणि घट्ट पित्त एकदम येतं. हे हार्मोन १९२८ मध्ये आयव्ही आणि ओल्डबर्ग यांनी दाखवलं.

तुझ्या बाबतीत हे साठवणं गेलं, त्यामुळे पित्त दिवसभर थोडं थोडं आतड्यात उतरत राहतं. उपाशीपोटी तो साठा पिशवीऐवजी लहान आतड्यातच पडून असतो आणि जेवण आलं की आतड्याच्या हालचालीबरोबर तोच पुढे सरकून इलियमपर्यंत जातो आणि परत येतो. बहुतेकांना फॅट पचायला काही अडचण येत नाही. प्राण्यांतही छोट्या उंदराला (माउस) पित्ताशय असतं पण मोठ्या उंदराला (रॅट) नसतं, घोड्यालाही नसतं, आणि दोघांचं नीट चालतं. काही जणांना मात्र ऑपरेशननंतर सैल शौचाचा त्रास होतो, कारण बाईल ॲसिडं जास्त वेळा आणि सतत फिरल्यामुळे मोठ्या आतड्यात जास्त पोचतात. तसं काही असेल तर सवय म्हणून सोडून देऊ नकोस, त्यावर उपचार आहे.

रानपाखरू:
ताई, एक बेसिक प्रश्न, रागावू नका. जेवल्यावर छातीत जळजळतं, आंबट पाणी तोंडात येतं, ते या बाईल ॲसिडमुळेच का?

कौमुदी:
रागावायचं काय त्यात, हा प्रश्न वर्गात दरवर्षी येतो. नाही, ती जळजळ जठरातल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडची, ते जठराच्या भिंतीतल्या पेशी बनवतात आणि लिव्हरचा त्याच्याशी संबंध नाही. पित्त जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या सुरुवातीला येऊन मिळतं आणि त्यात बायकार्बोनेट असल्यामुळे ते एकूणात किंचित अल्कधर्मीच असतं. काही लोकांत, विशेषतः जठराचं ऑपरेशन झालेल्यांत, पित्त उलटं जठरात येतं आणि त्याने दाह होतो हे खरं, पण ते वेगळं प्रकरण आहे.

चक्रपाणि:
लेख चांगला आहे पण एक खटकलं. तुम्ही म्हणता कोलेस्टेरॉल बाहेर काढायचे रस्ते दोनच आणि त्यातला एक म्हणजे बाईल ॲसिड. मग शरीर ते ९५ टक्के परत का घेतं? बाहेरच टाकायचं असेल तर टाकून मोकळं व्हावं ना, इतक्या पंपांचा खर्च कशाला?

कौमुदी:
चक्रपाणि, याचं उत्तर द्यायला मला फार आवडेल. शरीर बाईल ॲसिड बनवतं ते मुळात वापरायला, फेकायला नाही. २० ग्रॅम रोज नवीन बनवायचं म्हटलं तर तेवढंच कोलेस्टेरॉल रोज लागेल, जे शरीराच्या आवाक्याबाहेर आहे, सगळं मिळून आपण दिवसाला एक ग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉल बनवतो. त्यामुळे परत घेणं हाच एकमेव शक्य मार्ग होता.

आणि दुसरं असं की परत येणारं बाईल ॲसिड हा लिव्हरसाठी निरोपही असतो. १९९९ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की एफएक्सआर नावाचा पेशीकेंद्रातला रिसेप्टर बाईल ॲसिड ओळखतो. इलियमच्या पेशीत बाईल ॲसिड शिरलं की एफएक्सआर जागा होतो, ती पेशी एफजीएफ१९ नावाचं हार्मोन पोर्टल रक्तात सोडते, ते लिव्हरला पोचतं आणि सीवायपी७ए१ दाबलं जातं. म्हणजे आतड्याकडून कळतं की पुरेसं परत आलंय, नवीन नको. परत येणं कमी झालं की हे दाबणं सुटतं आणि लिव्हर उत्पादन वाढवतं, कित्येक पट वाढवू शकतं. बाईल ॲसिड म्हणजे पचनाचं केमिकल एवढंच समजत होते लोक इतकी दशकं, आणि ते हार्मोनसारखं काम करतं हे कळल्यावर सगळं चित्रच बदललं. पेशीच्या बाहेरच्या भिंतीवर बसणारा टीजीआर५ नावाचा आणखी एक रिसेप्टर २००२ मध्ये सापडला, त्याचा संबंध जीएलपी-१ या आतड्यातल्या हार्मोनशी आणि ऊर्जेच्या खर्चाशी लागतो.

वाटसरू:
मी फार्मासिस्ट आहे, चक्रपाणि यांच्या मुद्द्याला जोडून लिहितो, कारण तुम्ही म्हणताय की टाकून द्यावं, तर अगदी तेच करणारं औषध आहे. कोलेस्टिरामाइन. हे रेझिन आहे, पावडर पाण्यात कालवून घेतात, स्वतः आतड्यातून शोषलंच जात नाही, फक्त बाईल ॲसिड धरून ठेवतं आणि शौचातून घेऊन जातं. परत येणारं कमी झालं की लिव्हरला नवीन बनवावं लागतं, त्यासाठी कोलेस्टेरॉल हवं, मग लिव्हर पेशींवर एलडीएलचे, म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणांचे, रिसेप्टर वाढवून ते रक्तातून ओढून घेतं आणि रक्तातलं एलडीएल कमी होतं. १९८४ साली अमेरिकेत याचा मोठा ट्रायल प्रसिद्ध झाला, ३८०६ पुरुष, सरासरी ७.४ वर्षं, हृदयविकाराचा मृत्यू किंवा हार्ट अटॅक १९ टक्क्यांनी कमी. तेव्हा स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या आजच्या नेहमीच्या गोळ्या, बाजारात नव्हत्या. कोलेस्टेरॉल कमी केलं की हृदयविकार कमी होतो हे पक्कं व्हायला या ट्रायलची मोठी मदत झाली.

ओट्स वगैरेमधलं विरघळणारं फायबर एलडीएल थोडं कमी करतं त्यातही हाच भाग आहे, ते बाईल ॲसिड अडकवून पुढे नेतं. परिणाम औषधाइतका नसतो, पण दिशा तीच.

चक्रपाणि:
धन्यवाद दोघांनाही. म्हणजे परतीचा रस्ता अडवला की लिव्हर कोलेस्टेरॉल खर्च करतं. मग ऑपरेशन करून इलियम बायपास केलं तर कोलेस्टेरॉल कमी होईल का, की हा अतिरेकी विचार आहे?

वाटसरू:
अतिरेकी नाही, केलंय ते. अमेरिकेत बुकवाल्ड यांच्या गटाने हार्ट अटॅक येऊन गेलेल्या लोकांवर पार्शल इलियल बायपास करून पाहिलं, ८३८ रुग्ण होते, निकाल १९९० मध्ये आले आणि एलडीएल खरंच खूप उतरलं, पुढचे हार्ट अटॅकही कमी झाले. पण जुलाब, किडनी स्टोन, व्हिटॅमिन बी१२ आयुष्यभर इंजेक्शनने घ्यावं लागणं, आणि मग स्टॅटिनच्या गोळ्या आल्या, त्यामुळे आता कोणी सहसा करत नाही.

मेघना:
कौमुदीताई, तुमच्या बाबांचं वाचून लिहितेय. माझ्या भावाला क्रोन्स, म्हणजे आतड्याला सूज येण्याचा जुनाट आजार आहे, इलियमचा तुकडा काढलाय आणि त्यालाही जुलाब होतात. डॉक्टर एकदा म्हणाले फॅट कमी खा, दुसऱ्या डॉक्टरांनी ते रेझिनचं औषध दिलं. आम्ही गोंधळलोय, या दोन्ही गोष्टी एकाच आजाराच्या आहेत का वेगळ्या?

कौमुदी:
मेघना, फार महत्त्वाचं विचारलंस. हे किती आतडं काढलंय यावर अवलंबून असतं, आणि ढोबळ रेषा १०० सेंटीमीटरची मानतात.

त्यापेक्षा कमी काढलं असेल तर बाईल ॲसिड मोठ्या आतड्यात जास्त उतरतं खरं, पण लिव्हर उत्पादन वाढवून साठा भरून काढतं. फॅट पचतं. त्रास होतो तो मोठ्या आतड्यात गेलेल्या बाईल ॲसिडमुळे, कारण ते तिथल्या भिंतीला पाणी आणि क्षार बाहेर सोडायला लावतं आणि हालचालही वाढवतं. पातळ, घाईची, जेवल्यावर लगेच येणारी शौच. इथे रेझिन उपयोगी पडतं कारण ते बाईल ॲसिड अडकवून ठेवतं.

जास्त लांबी गेली असेल तर लिव्हरने कितीही जोर लावला तरी तूट भरत नाही. साठाच आटतो, मिसेल बनायला लागतं तेवढं बाईल ॲसिड आतड्यात नसतं, मग फॅट न पचता जातं, शौच तेलकट, चिकट, उग्र वासाची, वजन घटतं. अशा माणसाला रेझिन दिलं तर उरलंसुरलं बाईल ॲसिडही जातं आणि फॅटचं पचन आणखी बिघडतं. तिथे आहारातलं नेहमीचं फॅट कमी करतात आणि मध्यम साखळीची फॅट देतात, जी मिसेलशिवायही शोषली जातात. म्हणजे दोन्ही डॉक्टर दोन वेगळ्या अवस्थांबद्दल बोलत असतील. भावाचा किती तुकडा काढलाय ते ऑपरेशनच्या कागदांवर असेल, ते घेऊनच पुढच्या वेळी जा. आणि बी१२ तपासलंय का विचारा, तेही त्याच टर्मिनल इलियममध्ये शोषलं जातं.

मेघना:
कागद काढते आजच. बी१२ कोणी तपासलेलं नाही. खूप आभार, खरंच.

शशांक_२:
मोठ्या आतड्यात जे ५ टक्के जातं त्याचं पुढे काय होतं यावर कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो, कारण माझ्या मते या विषयातला सगळ्यात थक्क करणारा भाग तोच आहे. मी मायक्रोबायोलॉजीवाला आहे.

आतड्यातले जिवाणू आधी ग्लायसिन-टॉरिन तोडतात, त्यांच्याकडे बाईल सॉल्ट हायड्रोलेज नावाचं एन्झाइम असतं. मग अगदी मोजक्या जाती, त्यातली क्लॉस्ट्रिडियम सिंडेन्स सगळ्यात अभ्यासलेली, सातव्या कार्बनवरचा तो हायड्रॉक्सिल गट काढून टाकतात, जो लिव्हरने पहिल्याच पायरीत एवढ्या कष्टाने बसवलेला असतो. कोलिकचं होतं डीऑक्सिकोलिक, कीनोडीऑक्सिकोलिकचं होतं लिथोकोलिक. यांना दुय्यम बाईल ॲसिडं म्हणतात. डीऑक्सिकोलिक बऱ्यापैकी परत शोषलं जातं आणि आपल्या साठ्याचा नेहमीचा भाग बनतं. म्हणजे आपल्या पित्तात फिरणारा एक मोठा घटक आपल्या कुठल्याच पेशीने पूर्ण केलेला नाही, जिवाणूंनी केलाय. लिथोकोलिक मात्र लिव्हरला त्रासदायक, ते परत आलं की लिव्हर त्याला सल्फेट जोडून बाहेरच्या वाटेला लावतं.

२०२० मध्ये तर असं दिसलं की जिवाणू स्वतःही बाईल ॲसिडला अमिनो ॲसिड जोडतात, फेनिलॲलानिन, टायरोसिन, ल्युसिन. इतकी दशकं आपण धरून चाललो होतो की जोडणी फक्त लिव्हर करतं.

आणि याचा आजाराशी थेट संबंध बघा. क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल नावाचा जिवाणू अँटिबायोटिकनंतर भयंकर जुलाब करतो. त्याच्या झोपलेल्या बीजाणूंना जाग येते ती टॉरोकोलेटने, म्हणजे टॉरिन जोडलेल्या कोलिकने, लिव्हरच्या मूळ मालाने, आणि डीऑक्सिकोलिक त्याची वाढ रोखतं. अँटिबायोटिकने रूपांतर करणारे जिवाणू मेले की जागं करणारं वाढतं आणि रोखणारं संपतं. निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याच्या उपचाराने वारंवार होणारा हा आजार बरा होतो, त्यामागे हे रूपांतर परत सुरू होणं हे एक कारण मानलं जातं.

गंधार:
शशांक, अप्रतिम प्रतिसाद. मी फक्त इतिहासाची भर घालतो. बाईल ॲसिडांच्या रचनेवर काम केल्याबद्दल हाइनरिश वीलांट यांना १९२७ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं आणि लगेच १९२८ चं विंडाउस यांना स्टेरॉलवरच्या, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या कुळातल्या रेणूंवरच्या कामासाठी. वीलांट यांनी तेव्हा मांडलेला रिंगांचा सांगाडा बरोबर नव्हता, बर्नाल यांच्या एक्स-रे कामानंतर १९३२ मध्ये तो दुरुस्त झाला, आणि ती दुरुस्ती करण्यात वीलांट स्वतः होते. नोबेल मिळाल्यानंतर आपलंच उत्तर बदलणारा माणूस मला तरी फार मोठा वाटतो. त्या काळात हातात काय होतं, तर पित्त उकळायचं, स्फटिक पाडायचे, एकेक तुकडा तोडून वजन करायचं.

टिपूर:
खाजेबद्दल कोणी लिहाल का? बहिणीला सातवा संपतोय, रात्री तळहात आणि तळपायांना इतकी खाज की झोप नाही, अंगावर पुरळ काहीच नाही. घरातले सगळे म्हणतायत गरोदरपणात कातडी ताणते म्हणून होतं.

कौमुदी:
टिपूर, आजच तिच्या डॉक्टरांना फोन करा, थांबू नका. पुरळ नसताना तळहात-तळपायांची खाज, रात्री जास्त, आणि शेवटचे तीन महिने, हे गरोदरपणातल्या कोलेस्टेसिसचं नेहमीचं चित्र आहे. हार्मोनमुळे आणि काहींत बीसेपसारख्या पंपांच्या जन्मजात कमतरतेमुळे लिव्हरमधून बाईल ॲसिड पित्तात नीट ढकललं जात नाही, ते रक्तात साचतं. म्हणजे फेरी इथे लिव्हरच्या बाहेर पडायच्या दाराशी तुंबलीय. रक्तातली एकूण बाईल ॲसिड आणि लिव्हर फंक्शन या दोन तपासण्या लागतात.

आकडे घाबरवायला देत नाहीये पण माहीत असावेत. २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये बऱ्याच अभ्यासांचं एकत्र विश्लेषण आलं. एकच बाळ असलेल्या गरोदरपणात बाईल ॲसिड लिटरमागे ४० मायक्रोमोलच्या खाली असेल तर पोटात बाळ दगावण्याचं प्रमाण ०.१३ टक्के, ४० ते ९९ मध्ये ०.२८ टक्के आणि १०० किंवा वर गेलं तर ३.४४ टक्के. म्हणजे बहुतेकींचं सगळं सुखरूप होतं, पण कोण त्या वरच्या गटात आहे हे तपासल्याशिवाय कळत नाही, आणि कळलं तर डॉक्टर प्रसूतीची वेळ त्याप्रमाणे ठरवतात. एकदा नॉर्मल आलं आणि खाज चालूच राहिली तर परत तपासायला सांगा.

टिपूर:
तिला वाचून दाखवलं. संध्याकाळी जातोय आम्ही. रिपोर्ट आला की लिहितो.

अबोली:
टिपूर, नक्की कळव. या निमित्ताने मीही एक लिहिते, नवीन आई-बाबांनी वाचावं म्हणून. तान्ह्या बाळाची कावीळ दोन आठवड्यांच्या पुढे राहिली आणि शौच पांढरट, मातकट रंगाची असेल तर ताबडतोब दाखवा. आमच्या नात्यात हे झालंय. पित्तनलिकाच बंद असते, बिलिअरी अट्रेसिया म्हणतात, पित्त आतड्यात उतरतच नाही म्हणून रंग नसतो. कसाई नावाच्या जपानी सर्जनच्या नावाचं ऑपरेशन आहे आणि ते जितकं लवकर, शक्यतो ६० दिवसांच्या आत, तितकं चांगलं. रंगाकडे लक्ष दिलं म्हणून आमचं बाळ वेळेत पोचलं.

कौमुदी:
अबोली, हे लिहिलंस ते फार बरं केलंस. त्या बाळांना व्हिटॅमिन के शोषता येत नाही म्हणून रक्तस्रावाचा धोकाही असतो, तेही याच फेरीचं.

रानपाखरू:
मी नेटवर वाचलं की ऑलिव्ह ऑइल आणि लिंबू प्यायलं की लिव्हर साफ होतं आणि खडे पडतात, लोक हिरव्या खड्यांचे फोटोही टाकतात. आणि टॉरोउर्सोडीऑक्सिकोलिकच्या कॅप्सूल मिळतात त्या घ्याव्यात का?

वाटसरू:
ते फोटोतले हिरवे गोळे पित्ताशयातले खडे नसतात. एवढं तेल प्यायल्यावर आतड्यात त्याची फॅटी ॲसिडं सुटतात आणि क्षारांशी मिळून साबणाचे मऊ गोळे तयार होतात, तपासून पाहिलंय ते, लॅन्सेटमध्ये छापूनही आलंय. खरे खडे असलेल्याने एवढं तेल प्यायलं आणि पिशवी जोरात आकुंचन पावली तर खडा नळीत अडकू शकतो, त्यामुळे कृपा करून करू नका.

कोलेस्टेरॉलचा खडा होतो तो पित्तातलं कोलेस्टेरॉल बाईल ॲसिड आणि फॉस्फोलिपिडच्या मानाने जास्त झाल्यामुळे. १९६८ मध्ये ॲडमिरँड आणि स्मॉल यांनी या तिघांचा त्रिकोणी आलेख मांडला तो अजून शिकवतात. झपाट्याने वजन कमी करणाऱ्यांत खडे का होतात तेही यातच, शरीरातलं कोलेस्टेरॉल पित्तात जास्त येतं आणि खाणं कमी म्हणून पिशवी नीट रिकामी होत नाही. अशा वेळी उर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड डॉक्टर देतात. हे माणसाच्या पित्तात थोडंच असतं, अस्वलाच्या पित्तात भरपूर, नावही तिथूनच आलंय, पण औषध आता प्रयोगशाळेच्या प्रक्रियेने बनतं. लिव्हरच्या एका आजारात, प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिसमध्ये, ते पहिलं औषध आहे. पण निदान झालेल्या आजारावर घेणं वेगळं आणि लिव्हरसाठी चांगलं म्हणून त्याच्याच टॉरिन जोडलेल्या रूपाच्या त्या कॅप्सूल गिळणं वेगळं. निरोगी लिव्हरला त्याची गरज नाही.

शशांक_२:
एक भर. लिव्हरच्या ज्या दाराने बाईल ॲसिड आत येतं ते एनटीसीपी, त्याच दाराने हिपॅटायटिस बीचा विषाणू पेशीत शिरतो हे २०१२ मध्ये कळलं. कित्येक वर्षं लोक शोधत होते विषाणू लिव्हरच्याच पेशीत का जातो. ते दार अडवणारं बुलेव्हिरटाइड नावाचं औषध हिपॅटायटिस डीसाठी युरोपात वापरतात. आणि इलियमचा पंप अडवणारी औषधंही आहेत, जपानमध्ये एलोबिक्सिबॅट २०१८ पासून बद्धकोष्ठतेवर देतात, आणि ओडेव्हिक्सिबॅट, मॅरॅलिक्सिबॅट यांना अमेरिकेत २०२१ मध्ये लहान मुलांच्या जन्मजात लिव्हरच्या आजारातल्या खाजेसाठी मंजुरी मिळाली. एकच पंप अडवायचा, एकीकडे मोठ्या आतड्यात बाईल ॲसिड जास्त जाऊन शौच सुटते, दुसरीकडे रक्तातला साचलेला साठा कमी होऊन मुलांची खाज थांबते.

टिपूर:
रिपोर्ट आला. बाईल ॲसिड ३१. डॉक्टर म्हणाल्या धोक्याच्या खालीच आहे, दर आठवड्याला तपासायचं आणि खाजेसाठी औषध दिलंय. खाज लागली तर खाजवत बसण्यापेक्षा लगेच आलात हे बरं केलं असं म्हणाल्या. सगळ्यांचे मनापासून आभार.

कौमुदी:
वाचून खूप बरं वाटलं टिपूर. दर आठवड्याची तपासणी चुकवू नका.

मेघना:
मीही अपडेट देते. भावाचं ४० सेंटीमीटर काढलंय, म्हणजे पहिला प्रकार, रेझिनच चालू ठेवायला सांगितलंय. बी१२ खूपच कमी निघालं, इंजेक्शन सुरू. एकच शंका उरलीय, तो थायरॉइडची गोळी पण घेतो सकाळी, आणि रेझिनची पावडरही सकाळीच घेतो, चालतं का?

वाटसरू:
मेघनाताई, एकत्र अजिबात नको. रेझिन बाईल ॲसिडसारखीच इतर औषधंही धरून ठेवतं, थायरॉक्सिन त्यात अगदी वरचं नाव, रक्त पातळ करणारं वॉरफरिनही. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेऊ द्या आणि पावडर त्यानंतर निदान चार तासांनी, म्हणजे दुपारच्या जेवणाच्या सुमारास. बाकी कुठलीही गोळी असेल तर पावडरच्या एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर. वेळ बदलायच्या आधी त्याच्या डॉक्टरांना एकदा विचारा, आणि बदलल्यावर सहा-आठ आठवड्यांनी थायरॉइडची टीएसएच ही रक्ततपासणी परत करायला सांगा, कारण आतापर्यंत गोळीचा बराचसा भाग पावडरबरोबर बाहेर जात असेल तर तोच डोस आता जास्त पडू शकतो.